चढाल तर वाचाल

रस्ता सुरक्षा अभियान सुरू झालं की पादचारी पुलाला फलक लागतो. 'पादचाऱ्यांनो, पुलाचा वापर करा. जीव अनमोल आहे.' फलक पुलाच्या कठड्याला, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. ज्याला उद्देशून तो लिहिलाय तो खाली दुभाजकाला चिकटून उभा असतो आणि मान वर करायची त्याची टाप नसते, कारण एकीकडून बस येत असते आणि दुसरीकडून, म्हणजे उलट दिशेने, एक स्कूटर. मजकूर निवांत वाचायला मिळतो तो गाडीत बसलेल्याला, आणि त्याला तो तंतोतंत पटतो. 'एवढा पूल बांधून दिलाय, तरी हे लोक मधूनच पळतात,' असं शेजारच्या सीटला सांगत तो पिवळ्याचा लाल व्हायच्या आत सटकायला ॲक्सिलरेटर दाबतो.

या पुलाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्यावरचे दिवे, त्याखाली झोपणारी कुत्री, पत्र्याला धरलेला गंज. पण ते सगळं बाजूला ठेवून आपण फक्त पायऱ्या मोजू. उंच ट्रक आणि कंटेनर आरामात जावेत म्हणून पुलाखाली ५.५ मीटर मोकळी उंची सोडायचा दंडक आहे. त्यावर तुळया आणि स्लॅबची जाडी धरली की चालायचा पृष्ठभाग साधारण ६.३ मीटरवर जातो. एक पायरी १५ सेंटिमीटरची. भागाकार केला की ४२ येतात. ४२ चढायच्या, ४२ उतरायच्या. समोरच्या दुकानातून अर्धा लिटर दूध आणायचं तर जाऊन-येऊन १६८ पायऱ्या, म्हणजे चार मजले वर आणि चार मजले खाली. तोच सहापदरी रस्ता जमिनीवरून ओलांडायला २१ मीटर चालावं लागतं. सेकंदाला १.२ मीटर ही रस्ते आखणाऱ्यांनी चालणाऱ्यासाठी धरलेली गती. तिने हिशेब केला तर १८ सेकंदांचं काम. पुलावरून धडधाकट माणसाला दीड-दोन मिनिटं लागतात, शिवाय जिन्यापर्यंत चालत जायचं ते वेगळंच. ज्यांचे गुडघे बोलतात, ज्यांच्या कडेवर मूल आहे, ज्यांच्या डोक्यावर पाटी आहे, त्यांचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नाही. चाकाच्या खुर्चीवाल्याचा तर विषयच नको. १ः१२ च्या उताराने रॅम्प द्यायचा तर ६.३ मीटरला ७५ मीटरहून लांब रॅम्प लागेल, तोही दोन्ही बाजूंना. एवढी जागा असती तर तिथे आधी वाहनतळच झाला असता. आणि ज्या गाडीसाठी हा सारा खटाटोप, ती? तिच्याकडे ८०-१०० अश्वशक्तीचं इंजिन आहे, वातानुकूलन आहे, गाणी आहेत, आणि ती सपाट जमिनीवरून जाते. इंजिनवाल्याला सपाटी आणि गुडघेवाल्याला जिना, अशी ही वाटणी आहे, आणि तिचं नाव आहे पादचारी सुविधा.

लोक ही सुविधा नाकारतात म्हणून त्यांना बेशिस्त म्हणायची पद्धत आहे. पण पुलापासून पन्नासेक पावलांवर दुभाजकाची जाळी जरा नीट पाहावी. एक सळई हमखास वाकवलेली सापडेल. माणूस आडवा होऊन, पिशवी आधी पलीकडे देऊन, पोट आत घेऊन जाईल एवढीच फट. रोजच्या हातांनी सळईचा रंग उडालेला, मधलं लोखंड चकाकणारं. आणि फटीच्या अलीकडे, दुभाजकावर पाय ठेवता यावा म्हणून, कुणीतरी आणून टाकलेला एक फुटका पेव्हर ब्लॉक. पलीकडे तसाच दुसरा. म्हणजे पायऱ्यांना लोकांचा तत्त्वतः विरोध नाही. एक पायरी त्यांनी स्वतः पदरमोड करून बसवली आहे. विरोध आहे तो ४२ ना. शिवाय ही फट कुठे पडते तेही बघा. बसथांब्यासमोर, शाळेच्या फाटकासमोर, मंडईच्या तोंडाशी. पूल कुठे असतो? जिन्याचा खांब रोवायला जागा मिळाली तिथे. लाखो रुपये देऊन सल्लागार नेमतात, तो माणसं कुठे रस्ता ओलांडतात याचा अहवाल देतो. इथे लोकांनी तो अहवाल लोखंडात लिहून फुकट दिलेला आहे. त्यावर कार्यवाहीही होते. वेल्डिंगवाला येतो, फट बुजवतो, आठवडाभरात शेजारची सळई वाकते, वेल्डिंगवाला पुन्हा येतो. फट बुजवायला पैसा आहे. त्याच जागी झेब्रा पट्टे मारायचे म्हटलं की पांढरा रंग संपलेला असतो.

मग माणसांशिवाय हा पूल उभा कशाच्या जिवावर राहतो? जाहिरातीच्या. कित्येक शहरांत असे पूल जाहिरातीच्या हक्कांच्या बदल्यात बांधले गेले, आणि एकदा हे लक्षात आलं की पुलाचं वागणं अगदी सुसंगत वाटू लागतं. त्याचा दर्शनी भाग चालणाऱ्याकडे नाही, गाड्यांकडे आहे. भर रात्री पायऱ्यांवर काळोख, जाहिरातीवर झगझगाट. जाहिरात कशाची, तर नव्या मोटारीची, नाहीतर शहराबाहेरच्या टू-बीएचकेची, जिथे जायला नवी मोटार लागते. ज्याच्या नावाने पूल बांधला त्या पादचाऱ्याला यातलं काहीही विकायचं नाहीये. उद्या सगळे पादचारी नामशेष झाले तरी पुलाच्या उत्पन्नात एक पै घटणार नाही. लिफ्ट लावलीय ना, असं इथे कोणीतरी म्हणेल. लावलीय. काचेची आहे, उद्घाटनाच्या फोटोत फार छान दिसली होती. सध्या तिच्या दाराला साखळी आणि कुलूप आहे, आणि आतल्या बाजूला केरसुणी उभी करून ठेवलेली आहे.

आता समतेच्या तत्त्वावर एक सूचना मांडतो. रस्ता ओलांडताना दोघांची गाठ पडते, मग जिना एकालाच का? पुढचे सहा महिने हा पूल चालकांसाठी राखीव ठेवावा. गाडीवाल्याने चौकाच्या अलीकडे इंजिन बंद करावं, खाली उतरावं, ४२ पायऱ्या चढाव्यात, वर ठेवलेल्या वहीत नाव आणि गाडीचा नंबर लिहावा, ४२ पायऱ्या उतराव्यात, पलीकडून चौक मोकळा असल्याची खात्री करावी आणि त्याच वाटेने परत येऊन गाडी पुढे न्यावी. एका चौकाला १६८ पायऱ्या. घर ते ऑफिस असे सहा चौक धरले तर रोज नुसतं जायला १००८. डॉक्टर नाहीतरी चालायला सांगतातच. दुचाकीस्वाराने हेल्मेट घालून चढावं, म्हणजे सुरक्षेचे दोन नियम एकदम पाळले जातील. ज्येष्ठ चालकांसाठी लिफ्ट आहेच, फक्त चावी ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेलेत. जे चालक पुलाचा वापर न करता सपाटीवरून गाडी घालतील त्यांना पकडून जागच्या जागी गुलाबाचं फूल द्यावं, दुसऱ्यांदा सापडले तर दंड करावा, आणि शाळकरी मुलांची फेरी काढून घोषणा द्याव्यात, 'चालकदादा, घाई नको, दोन मिनिटांनी काय बिघडतं?' हे वाचून ज्याला संताप आला त्याने तो जपून ठेवावा. नेमकं हेच, गुलाबाच्या फुलासकट, आपण चालणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत, आणि कोणालाही त्यात हसण्यासारखं काही दिसलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. रेल्वे रुळांवर पूल चालतो ना, मग रस्त्यावर काय बिघडलं? चालतो, कारण भरधाव गाडी थांबवायला मोटरमनला शेकडो मीटर लागतात आणि तिला बाजूलाही घेता येत नाही. द्रुतगती मार्गालाही पूल किंवा भुयार हवंच, तिथे वाद नाही. पण शहरातली मोटार थांबू शकते. तिला त्यासाठी ब्रेक नावाची वस्तू कारखान्यातूनच बसवून मिळते. प्रश्न फक्त वेगाचा आहे. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरा. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर १३-१४ मीटरमध्ये उभी राहते. ताशी ५० वाली तेवढ्या अंतरात ब्रेक दाबायला नुसती सुरुवात करते. ती थांबते २८ मीटरवर. म्हणजे १५ मीटरवर मूल असेल तर पहिल्या गाडीचा चालक शिव्या देतो आणि दुसऱ्या गाडीचा चालक पोलीस चौकीत जातो. आणि आपल्याकडे २०१८ पासून नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला कमाल ७० आणि दुचाकीला ६० ची मुभा आहे. स्थानिक पातळीवर ती कमी करता येते. त्यासाठी लागतो एक आदेश, थोडे फलक आणि थोडे कॅमेरे. जिना बांधण्यापेक्षा ते स्वस्त आहे, आणि बहुधा तीच त्याची अडचण आहे.

दुसरा आक्षेप कोंडीचा. माणसांसाठी सिग्नल ठेवला तर वाहतूक तुंबेल. दोन मिनिटांच्या चक्रात २५-३० सेकंद चालणाऱ्यांना दिले, म्हणजे १८ सेकंदांत पोचणाऱ्याबरोबर सावकाश पोचणारीही पलीकडे जाईल, तर गाडीवाल्याचं काय जातं? तो पुढच्या चौकात तसाही उभाच राहणार आहे. ती तुंबलेली वाहतूक गाड्यांचीच असते. पादचाऱ्यांच्या रांगा लागून शहर ठप्प झाल्याचं अजून तरी कुणी सांगितलेलं नाही. रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला सुरक्षित ओटा द्या, झेब्रा पदपथाच्या उंचीला उचलून घ्या, म्हणजे चढ चाकांना लागेल, पायांना नाही. तिसरा आक्षेप, हे परदेशात ठीक आहे, आपली गर्दी वेगळी. हेलसिंकीत जुलै २०२५ पर्यंतच्या वर्षभरात रस्ता अपघातात एकही माणूस गेला नाही. सुमारे सात लाख वस्तीचं शहर, अर्धं वर्ष बर्फ आणि अंधार, आणि निम्म्याहून जास्त रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ३०. आपल्याकडे गर्दी जास्त आहे हे खरंच, म्हणून तर वेग आणखी कमी हवा. गर्दी आहे म्हणून गाडी जोरात चालवली पाहिजे, हा युक्तिवाद आपल्याखेरीज कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

राहिला मोबाइलचा आक्षेप. लोक कानात बोंडं घालून, स्क्रीनमध्ये डोकं खुपसून रस्त्यात उतरतात. उतरतात, आणि ते चूकच आहे. पण पाच वर्षांचं मूल मोबाइल न बघताही चुकतं, सत्तरीतल्या आजींना हॉर्न ऐकू येत नाही, आणि मजुराचं लक्ष खांद्यावरच्या ओझ्याकडे असतं. चुकणं हा माणसाचा स्वभाव आहे. त्याला देहदंड असावा का, एवढाच प्रश्न आहे, आणि आपण त्याचं उत्तर केव्हाच देऊन टाकलं आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात पायी चालणारी ३२,८२५. रोजची ९०. एवढी माणसं पुलावरून पडून मेली असती तर एव्हाना देशातले सगळे पूल पाडून झाले असते. पण ती गाड्यांखाली मेली, म्हणून आपण आणखी पूल बांधतो. दुसऱ्या दिवशीची बातमी तर पाठच आहे. पादचारी पूल तिथून किती मीटरवर होता ते त्यात न चुकता असतं. गाडी किती वेगात होती ते नसतं. मेलेल्या माणसाला वरून शिस्तीचे गुण दिले जातात, मारणाऱ्या गाडीचं नियंत्रण सुटतं, जणू ते नियंत्रण स्वतःच्या मर्जीने कुठेतरी निघून गेलं. सदोष रस्ता बांधणाऱ्याला जाब विचारायला कायदा आहे, नाही असं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आलं. आखणीचे, बांधणीचे आणि देखभालीचे सुरक्षा निकष न पाळल्याने माणूस मेला किंवा अपंग झाला, तर ठेकेदार, सल्लागार आणि यंत्रणा यांना दंड होऊ शकतो. कमाल एक लाख रुपये. पुलावरची जाहिरात तेवढे पैसे किती दिवसांत मिळवत असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

तेव्हा वाचकहो, तुमच्या भागात नव्या पादचारी पुलाचा प्रस्ताव आला आणि हरकती-सूचना मागवल्या, तर पानभर लिहू नका. तेवढं कोणी वाचत नाही. चार ओळी पुरेत. पूल नको. तोच पैसा जमिनीवर घाला. जिथे सळई वाकली आहे तिथे दुभाजक तोडून उंच झेब्रा द्या, ३० सेकंदांचा सिग्नल द्या, आणि गाड्यांना ३० ची मर्यादा घालून ती पाळायला लावा. खाली सही करा, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.