ओल्या वाळूचा सातबारा

बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, पण निदान बांध आपणहून हलत नाही. (हलतो, तेव्हा तो भावाने हलवलेला असतो.) इथे कॅलिफोर्नियात किनाऱ्याची हद्द समुद्रच रोज सरकवतो. नियम ऐकायला सोपा आहे: भरतीच्या सरासरी रेषेखालची वाळू सगळ्यांची. आता ही सरासरी काढायची १८.६ वर्षांतल्या भरत्यांची. एवढं गणित सोडवून पोहायला कोण जाणार? म्हणून लोकांनी सोयीचा अर्थ लावला. पायाखालची वाळू ओली असेल, तर तुम्ही आपल्याच जागेत आहात.

खरी पंचाईत त्या वाळूपर्यंत पोचण्याची. १९७२ साली इथल्या मतदारांनी किनारा राखायचा कौल दिला, १९७६ मध्ये कायदा झाला. किनाऱ्यावर घर बांधायचं तर कोस्टल कमिशनचा परवाना हवा, आणि कित्येकदा परवान्याच्या बदल्यात लोकांना समुद्रावर जायला एक बोळ सोडायचा. घरं पटापट उभी राहिली. बोळांना सवड लागली. मालिबूत डेव्हिड गेफन या संगीतव्यवसायातल्या बड्या असामीने १९८३ मध्ये कबूल केलेली वाट लोकांना मिळाली २००५ मध्ये. त्याच मालिबूत ‘गाडी लावू नये’ अशा खोट्या पाट्या आणि मागे गॅरेजच नसलेली गॅरेजची दारंही सापडली आहेत. पाट्यांच्या बाबतीत पुणं एकटं नाही, हे कळून मला बरं वाटलं.

तसा पुण्याचा धागाही आहेच. हाफ मून बेच्या दक्षिणेला मार्टिन्स बीच आहे. तिथे खाली उतरणारा रस्ता एकच, आणि तो खासगी जागेतून जातो. पूर्वीचे मालक गाडी लावायचे पैसे घेऊन लोकांना आत सोडत. पुण्यात जन्मलेले उद्योजक विनोद खोसला यांनी २००८ मध्ये ती जागा घेतली, पुढे फाटक बंद झालं आणि खटले सुरू झाले. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला, पण तंटा त्यानंतरही चालू राहिला. वहिवाट अडवण्यावरून अशी भांडणं आपल्या तहसीलदारांपुढे रोज येतात. वकिलांची फी तेवढी वेगळी.

मी काही कोर्टकचेरीतला नव्हे, खुरप्याचा कार्यकर्ता. किनाऱ्यालगतच्या पायवाटेवर आम्ही काही हौशी मंडळी शनिवारी आइस प्लांट उपटतो. ही वनस्पती मूळची दक्षिण आफ्रिकेची. वाळू आणि उतार धरून राहावेत म्हणून इथे मुद्दाम लावली, आणि तिने स्थानिक झाडोऱ्याला जागाच ठेवली नाही. पान बोटाएवढं जाड, तिधारी. मोडलं की हात पाण्याने चिकट होतो. ओढली की हातभर वेल बिनतक्रार येते, पण कांड्याचा एखादा तुकडा मागे राहिला की तिथेच मूळ धरते. शिवाय फुलं देखणी, पिवळी नि गुलाबी. त्यामुळे येणारेजाणारे थांबून आम्हालाच दटावतात, चांगला बगीचा का उपटताय म्हणून.

आई आली होती तेव्हा तिलाही नेलं. आई गुहागरची. ‘‘शेण-माती नको म्हणून शिकवला, आणि हा इथे फुकटात बेणतोय,’’ असं म्हणत ती उकिडवी बसली. बाकीचे गुडघ्यांखाली स्पंजच्या गाद्या घेऊन बसलेले. अर्ध्या तासात ती सगळ्यांच्या चार हात पुढे. आमच्या म्होरक्या, एक निवृत्त शिक्षिका, तिच्या बैठकीचा फोटो काढून गेल्या.

परतताना मी तिला मार्टिन्स बीच दाखवायला नेलं आणि वाटेत खटल्याची कथा सांगितली.

‘‘आमच्या आगरातून अर्धी आळी पुळणीवर जायची,’’ ती म्हणाली. ‘‘कोण कुणाला अडवतंय? बेडं लावून जा रे, एवढंच सांगायचो. नाहीतर गुरं शिरायची.’’

त्या दिवशी फाटक उघडं होतं. आम्ही उतारावरून चालत खाली गेलो, पाय भिजवले, दमत-भागत वर आलो. फाटकातून बाहेर पडल्यावर आई मागे वळली आणि दोन्ही हातांनी ते ओढायला लागली.

‘‘अगं, राहू दे उघडं! ते उघडं राहावं म्हणून लोक इतकी वर्षं भांडताहेत.’’

‘‘भांडू देत,’’ आई म्हणाली. ‘‘गुरं कोण हाकलणार?’’