जत्राशास्त्र : न्यूरेंबर्ग ते सोनुर्ली

युरोपातील, विशेषतः जर्मन भाषिक प्रदेशातील शहरांच्या मुख्य चौकात नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे जो उघड्यावरचा बाजार भरतो, आणि ज्यात लाकडी खोपटांतून मसाल्याचा खाऊ, लाकडी खेळणी, मेणबत्त्या व वाफाळते पेय विकले जाते, त्यास ख्रिसमस मार्केट म्हणतात. जवळपास याच आठवड्यांत, भाताची कापणी-झोडणी आटोपून कणगी भरल्यावर, सिंधुदुर्गातील गावोगावच्या देवळांसमोर जो उघड्यावरचा बाजार भरतो, आणि ज्यात ताडपत्रीच्या खोपटांतून गुळाचा खाऊ, लाकडी खेळणी, उदबत्त्या व वाफाळता चहा विकला जातो, त्यास जत्रा, आणि रातभर दशावतार होऊन पहाटे दहीहंडी फुटते म्हणून दहीकाला, असे म्हणतात. दोन्ही संस्थांचा तौलनिक अभ्यास केल्यास त्यांत मूलभूत भेद एकच आढळतो, तो हा की पहिलीला जाण्यासाठी चाकरमान्याला दहा दिवसांची रजा मिळते आणि दुसरीला जाण्यासाठी एका दिवसाचीही मिळत नाही. ज्याचे घर कोकणात, पोट मुंबईत आणि जीव या दोहोंच्या मधल्या रेल्वेच्या प्रतीक्षायादीत असतो, तो चाकरमानी. या टिपणात मात्र त्याची पुढची पिढी अभिप्रेत आहे, जिचे पोट आता पुण्याच्या संगणक कंपनीत असते आणि जीव व्हिसाच्या अर्जात.

ख्रिसमस मार्केटची वंशावळ भारदस्त आहे. ड्रेस्डेन येथील बाजाराला 1434 मध्ये राजाज्ञा मिळाली, आणि तो आरंभी एका दिवसाचा मटणाचा बाजार होता, कारण नाताळापूर्वीचा उपासाचा काळ संपला की गावाला एकदम मांस लागे. या उपासात लोणीही वर्ज्य असल्यामुळे तिथला श्टोलेन नावाचा सुक्यामेव्याचा पाव कोरडा ठक्क होई, म्हणून सॅक्सनीच्या राजघराण्याने थेट रोमकडे दाद मागितली, आणि अखेर 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याला परवानगी देणारे पत्र धाडले. श्रावण संपण्याची वाट पाहताना ज्याने बांगड्याचे स्वप्न पाहिले आहे, अशा मालवणी माणसाला हा इतिहास समजावून सांगावा लागत नाही. त्याला आश्चर्य वाटते ते एवढेच की परवानगी येईपर्यंत ती मंडळी थांबली.

तिथीनिर्णयाच्या बाबतीत मात्र दोन परंपरा भिन्न आहेत. न्यूरेंबर्गचा बाजार नाताळपूर्व चार रविवारांपैकी पहिल्याच्या आदल्या शुक्रवारी उघडतो, हे पुढची शंभर वर्षे आजच सांगता येते, त्यामुळे विमानाची तिकिटे स्वस्तात मिळतात. सिंधुदुर्गात सोनुर्लीच्या माउलीची जत्रा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास येते आणि तिथे नवस फेडण्यासाठी भाविक देवळाभोवती लोटांगण घालतात, म्हणून ती लोटांगणाची जत्रा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीत भराडी देवीची जी जत्रा भरते तिला पंचांगातली ठरावीक तिथीच नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि मगच मुंबईला कळतो. कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारून खुणेने मिळवलेले उत्तर. दिवस जाहीर होताच लाखोंची गर्दी, जादा गाड्या आणि पुढाऱ्यांचे हात जोडलेले फलक यांची व्यवस्था आपोआप होते. असा कौल जर्मन माणसाला सांगितल्यास तो अव्यवस्था म्हणेल, आणि वर्षभर आधी तिकीट काढून ठेवणारा जर्मन आंगणेवाडीत सांगितल्यास तिथले मानकरी त्याला अश्रद्धा म्हणतील.

खाद्यशास्त्राच्या दृष्टीने पाहता न्यूरेंबर्गची कीर्ती लेबकूखेन या खाऊवर उभी आहे, ज्यात मध, सुकामेवा, दालचिनी, लवंग, वेलची, सुंठ आणि जायफळ पडते. यातला मध सोडला तर जवळपास एकही सुवास जर्मनीच्या मातीतला नाही. मिरी आणि वेलची मलबारच्या अंगाने गेली, दालचिनी श्रीलंकेहून, लवंग मोलुक्का बेटांवरून आणि जायफळ बांद्याहून. हा बांदा अर्थातच इंडोनेशियातला द्वीपसमूह होय, सावंतवाडी तालुक्यातला नव्हे, जरी आज जायफळाची झाडे या दुसऱ्या बांद्याच्या पंचक्रोशीतल्या बागांतही शोधल्यास सापडतील. मसाल्याच्या या व्यापारात पुढे ज्यांची मक्तेदारी झाली त्या डचांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यात होती आणि तिचे पडके अवशेष अजून उभे आहेत. सारांश, वेंगुर्ल्याचा जो तरुण न्यूरेंबर्गच्या चौकात डोळे मिटून ‘हा खरा नाताळचा वास’ असे म्हणतो, तो प्रत्यक्षात आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्याचा वास घेत असतो. फरक इतकाच की डबा युरोने उघडतो.

याच्या तोडीचा जत्रेतला पदार्थ म्हणजे खाजे, अर्थात बेसनाच्या तळलेल्या कांड्यांना गुळाच्या पाकात आल्यासह घोळवून केलेला खाऊ, ज्याची ढेकळे वजनकाट्यावर पडताना दगडाचा आवाज करतात. त्याच्या शेजारी शेंगदाण्याचे, कुरमुऱ्यांचे आणि खटखटे लाडू असतात. खटखटे हे नाव आवाजावरून पडले की दाताच्या वैद्याच्या दारावरून, याबद्दल विद्वानांत मतभेद संभवतो. जत्रेहून येणाऱ्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना खाजे वाटणे हा अलिखित कायदा आहे, आणि तो न पाळणाऱ्यास ‘खाजा नाय हाडलस, मग जत्रेक गेलस कित्याक?’ असा प्रश्न विचारला जातो, ज्याला न्यायालयातही उत्तर नाही. त्याच न्यायाने जर्मनीहून परतणारा तरुण बेसनाचे ढेकूळ मागासलेले म्हणून टाळतो आणि लेबकूखेनचे हृदयाच्या आकाराचे, दोरी बांधून गळ्यात अडकवायचे बिस्कीट घेऊन येतो, जे चवीपेक्षा छायाचित्रासाठी अधिक टिकाऊ असते.

पेयांविषयीही असेच. ग्लूव्हाइन म्हणजे तांबडी वाइन दालचिनी, लवंग, संत्र्याची साल व साखर घालून, उकळी न आणता, तापवलेले पेय होय. यातून वाइन वजा केली असता जे उरते त्याला मालवणात काढा म्हणतात, तो पावसाळ्यात घसा बसल्यावर मिळतो आणि नाक धरून प्यावा लागतो. ग्लूव्हाइन ज्या चिनी मातीच्या पेल्यात मिळते त्याची अनामत रक्कम आधी घेतली जाते व पेला परत केल्यावर ती फेडली जाते. या पद्धतीचे पर्यावरणपूरक, चक्राकार, शाश्वत असे कौतुक मराठी प्रवासवर्णनांतून वारंवार होते. गावातल्या सोडावाल्याने ‘बाटली हयच ठेव’ असे म्हटले की त्याच प्रवाशाला तो अविश्वास वाटतो.

रंगभूमीचा विचार केल्याखेरीज हे विवेचन पुरे होणार नाही. न्यूरेंबर्गचा बाजार उघडताना क्रिस्टकिंड, म्हणजे शब्दशः बाळख्रिस्त, पण प्रत्यक्षात सोनेरी कुरळे केस व मुकुट घातलेली एक तरुणी, चर्चच्या सज्जात उभी राहून पद्यमय प्रस्तावना म्हणते. तिची निवड 1969 पासून दर दोन वर्षांनी होते, आणि उमेदवार 16 ते 19 वर्षांची, पुरेशा उंचीची व उंचावर चक्कर न येणारी असावी लागते. ही प्रथा पर्यटकाला मध्ययुगीन वाटते. वस्तुतः सज्जातला हा सोहळा 1933 मध्ये, नाझी राजवटीच्या पहिल्याच नाताळात, थाटाने बसवला गेला आणि युद्धानंतर 1948 मध्ये नव्या मजकुरासह पुन्हा सुरू झाला. जत्रेत प्रस्तावनेचे काम गाऱ्हाणे करते: देवासमोर एक जाणता माणूस साऱ्या गावाच्या वतीने मागणे मांडतो आणि प्रत्येक वाक्यावर जमाव ‘होय म्हाराजा’ म्हणतो. त्यानंतर मध्यरात्री पालखी फिरते आणि दशावतार उभा राहतो, ज्यात संहिता लिहिलेली नसते, कथानक ठरले की संवाद नट जागच्या जागी रचतात, स्त्रियांची कामे पुरुष करतात, आणि संकासुर या असुराने पोरांना घाबरवल्याखेरीज पूर्वरंग संपत नाही. या नटाला सज्जावर चढावे लागत नसल्याने चक्कर न येण्याची अट नाही. रातभर लढाया करून सकाळी पुढच्या गावाचा रस्ता धरण्याची मात्र आहे. क्रिस्टकिंडच्या तीन मिनिटांना परंपरा म्हणणारा प्रेक्षक या सात तासांना ‘जरा लांबते’ असे म्हणतो.

ज्यांना न्यूरेंबर्ग परवडत नाही त्यांच्यासाठी मुंबई-पुण्यात डिसेंबरात युरोपीय धर्तीचे बाजार मांडले जातात. तिथे प्लास्टिकच्या सूचिपर्णी वृक्षाखाली साबणाच्या फेसाचा हिमवर्षाव होतो, आणि लोकरी टोपी घातलेली मुले घामाघूम होऊन तो झेलतात. प्रवेशशुल्क भरून गर्दीत शिरणे, रांगेत उभे राहून महागडे खाणे, उभ्यानेच ते संपवणे, आणि मूल हरवल्याची घोषणा ऐकणे, या चार क्रियांना शहरात अनुभव असे नाव आहे. गावात याच चार क्रिया प्रवेशशुल्काविना होतात, म्हणून तिथे त्यांना धूळ म्हणतात.

या कोलाहलात सिंधुदुर्गातले ख्रिस्ती लोक काय करतात हे कोणी विचारत नाही. या जिल्ह्याच्या नावाचा 2005 पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, आणि नाताळ त्याहून कितीतरी जुना आहे. घरोघरी नेवऱ्या, कुळकुल व दोदोल होतात, अंगणात कागदी चांदणी टांगली जाते, गवत आणि माती आणून गोठा रचला जातो, मध्यरात्रीच्या मिस्सेला सारा वाडा जातो. सजवायला झाड हवे असल्यास किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी पुरते. या नेवरीची चव करंजीशी आणि दोदोलाचे नाते नारळ-गुळाशी असल्यामुळे शेजारच्या घरात ताट पोहोचले की धर्मशास्त्राचा प्रश्न उरत नाही. इथल्या नाताळाला बर्फाची गरज भासलेली नाही; बेथलेहेमात तो किती पडत असेल, हेही पाहण्यासारखे आहे.

तथापि 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झालेल्या या भूमीत, तारकर्लीच्या वाळूवर एक भव्य ख्रिसमस मार्केट भरवावे असा प्रस्ताव कोणीतरी कधीतरी मांडणारच, तेव्हा त्याचा मसुदा आधीच करून ठेवणे श्रेयस्कर. त्यात भर दुपारी तिशीपार पाऱ्यात फेसाचा बर्फ असेल, ग्लूव्हाइनच्या जागी परवान्याअभावी कोकम सरबत तापवून दिले जाईल, सावंतवाडीच्या चितारअळीतली लाकडी खेळणी ‘युरोपीय हस्तकला’ या फलकाखाली दुप्पट दराने मांडली जातील, आणि उद्घाटनाला आलेले पाहुणे सज्जातून भाषण करतील, जे क्रिस्टकिंडपेक्षा लांब आणि दशावतारापेक्षा कमी रंजक असेल. दोन मैलांवरच्या गावात त्याच रात्री दहीकाला असेल, आणि त्याची जाहिरात कोणी करणार नाही, कारण गावाला तो ठाऊकच असतो.

या प्रस्तावात एक बाब मात्र हमखास सुटेल, ती म्हणजे नियम. न्यूरेंबर्गच्या बाजारात प्लास्टिकच्या हिरव्या माळा, ध्वनिमुद्रित गाणी आणि युद्धाची खेळणी यांना मनाई आहे, आणि उत्तम सजवलेल्या दुकानाला शहर पारितोषिक देते, ज्याचे नाव सुक्या आलुबुखाऱ्यांपासून केलेल्या बाहुल्यावरून पडले आहे. त्या चौकाची शोभा बर्फाने नव्हे, या मनाईने टिकली आहे. इकडे जत्रेत मात्र खाज्याच्या दुकानाच्या दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या बंदुका वाढल्या, पालखीच्या मार्गात ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि चितारअळीचा लाकडी भोवरा कोपऱ्यात सरकला. तेव्हा कोणी नियम केला नाही, कारण जत्रेला नियम असतो ही कल्पनाच मागासलेली मानली जाते. युरोपातून आयात करण्याजोगी वस्तू एकच होती, तिला वजन नव्हते, सीमाशुल्क नव्हते, व्हिसाही नव्हता, आणि तीच कोणाच्या बॅगेत आली नाही. ती उद्या आली, तर जत्रेतल्या दुकानदाराला प्लास्टिकची पिशवी सोडून खाजे पुन्हा जुन्या वर्तमानपत्रात बांधावे लागेल, आणि प्रस्तुत सदराला निदान पाव किलोचा उपयोग लाभेल.