कॅप्सूलताई

प्रत्येक सोसायटीत एक तरी कॅप्सूलताई असतेच. वय पस्तिशी ते पंचेचाळिशी, नोकरी बँकेत नाहीतर आयटीत, मुक्काम डोंबिवली, ठाणे किंवा कोथरूड. परवापरवापर्यंत त्याही आपल्यासारख्याच सेलमध्ये कोपरानं वाट काढत असतात. मग एका रात्री मोबाइलवर कुणीतरी पांढऱ्या भिंतीपुढं उभं राहून मोजक्या हँगरांचं कपाट दाखवतं आणि ताईंच्या बेडरूममधला दिवा दोनपर्यंत विझत नाही. सकाळी जिन्यात भेटतात तेव्हा डोळे तारवटलेले, पण चेहऱ्यावर तेज. "सगळं काढलं," त्या सांगतात. ऐकणाऱ्याला वाटावं, दातच काढून आल्या.

मोजक्या कपड्यांच्या या 'कॅप्सूल वॉर्डरोब' पंथाचा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. सत्तरच्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सूझी फो या बाईंनी थोडे, चांगले आणि एकमेकांवर चालणारे कपडे घ्या असं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरननं अख्खी नोकरदार बाई सात कपड्यांत बसवली. 2010 मध्ये कोर्टनी कार्व्हर या अमेरिकन बाईंनी दंडक घातला: तीन महिने, 33 वस्तू, त्यात चपला आणि दागिनेही आले. ताई ही नावं इतक्या आपुलकीनं घेतात की या तिघी त्यांच्या मावश्या असाव्यात असं वाटतं.

पुढचा टप्पा गणिताचा. "पाच कुर्ते, चार सलवारी, तीन ओढण्या. किती झाले?"

"बारा."

"साठ!" ताई विजयी मुद्रेनं म्हणतात. "पाच चोक वीस, वीस त्रिक साठ. दोन महिने रोज नवा जोड." हिशेब चोख आहे. फक्त ताईंचे पाचही कुर्ते बेज, राखाडी, पांढरा, नेव्ही ब्लू आणि परत बेज या रंगांचे असल्यामुळं साठातला कितवा जोड अंगावर आहे हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांच्या सासूबाई आठवड्यानं हळूच विचारतात, "अगं, कालचाच घातलास का?"

मात्र 33चा आकडा गाठणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण मूळ नियमांतच एक सोय आहे. झोपायचे, व्यायामाचे आणि घरात वापरायचे कपडे मोजायचे नसतात. हे कलम खास मराठी घरांसाठीच लिहिलं असावं. आपल्याकडं कपडा कधी निवृत्त होत नाही. त्याची घरात बदली होते. ताईंचे जुने कुर्ते, टी-शर्ट आणि कॉलेजपासूनची ट्रॅकपँट एका रात्रीत 'घरातले' झाले आणि गाऊनांना तर आधीपासूनच अभय होतं. उरलेले कपडे खोक्यात भरून नजरेआड ठेवा, असंही नियम सांगतो. ती खोकी दिवाणाच्या पोटात गेली. दिवाण भरल्यावर दोन माळ्यावर आणि एक "तुझ्याकडं राहू दे गं थोडे दिवस" असं म्हणत माहेरी आईच्या कपाटात. आईनं आपल्या साड्या सरकवून जागा केली. ताईंचं कपाट मात्र आता खरोखरच फोटो काढण्यासारखं दिसतं.

काही कपडे बोहारणीला द्यायचे ठरले. बोहारीण दारात बसली आणि एकेक कुर्ता उजेडाकडं धरून पाहू लागली. काख तपासली, कॉलरीवरून अंगठा फिरवला, शिवण ताणून पाहिली. ताईंनी महागातला लिनन कुर्ता अभिमानानं पुढं केला. "बाई, रंग उडालाय याचा," ती म्हणाली. तो मुळातच तसा आहे हे पटवण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी चौदा कपडे आणि साहेबांची एक चांगली पँट देऊन स्टीलचे दोन डबे मिळाले. स्वयंपाकघरात ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेही माळ्यावर गेले.

खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. मुंबईच्या पावसात सुती कुर्ता दोन दिवसांत वाळला तर नशीब. जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओली. छताच्या दांड्यांवर कपडे, पंखा पाचवर आणि घरभर कुबट वास. 33 वस्तूंमधून चपला, पर्सा आणि कानातली वजा केली तर कपडे उरले वीसेक. त्यातले निम्मे दांडीवर, चार इस्त्रीवाल्याकडं आणि इस्त्रीवाला गावी. साठ जोडांच्या मालकीणबाई त्या सोमवारी नवऱ्याचा शर्ट घालून ऑफिसला गेल्या आणि त्याला 'ओव्हरसाइज्ड' असं नाव दिलं.

मग आलं नवरात्र. रोज एक रंग ही प्रथा कुठल्या पुराणात नाही. वर्तमानपत्रांनी ती रुजवली, आणि आता पिवळ्याच्या दिवशी लोकलचा लेडीज डबा पिवळाधमक होतो. पांढऱ्याला आणि राखाडीला ताईंचा हात कुणी धरू शकलं नाही. निळा नेव्हीवर निभावला. उरलेल्या सहा दिवसांसाठी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडून पिवळी ओढणी, समोरच्या काकूंकडून हिरवी साडी, माझ्याकडून नारिंगी कुर्ता. ग्रुप फोटोत ताई सगळ्यांत उठून दिसल्या.

तेव्हा कुठं मला या शास्त्राचं मर्म कळलं. ताईंचं कपाट 33 वस्तूंवर चालतं, कारण शेजारपाजारची चार कपाटं तुडुंब आहेत. लंडनमध्येही पाऊस पडतो. पण तिथं सासूबाईंच्या भाचीची हळद, सोसायटीचं हळदीकुंकू आणि काळं कापड फक्त संक्रांतीलाच शोभतं असं सांगणाऱ्या आत्याबाई नसाव्यात. शिवाय आपल्याकडं कपडे नुसते घेतले जात नाहीत, ते येतात. आहेराची साडी नको म्हणून परत करता येत नाही. तिला फॉल-पिको केलं की ती आपली. नाही केलं की पुढच्या लग्नात द्यायला मोकळी. अशा साड्या वर्षानुवर्षं घराघरांतून फिरतात. ताईंनी सात साड्यांना फॉल लावलाच नाही आणि "या मोजायच्या नाहीत, या ट्रान्झिटमध्ये आहेत" असा स्वतःचा एक नियम काढला.

तरी ताईंचं सगळंच चुकीचं नाही. खरेदीआधी त्या आता विचारतात: हे घरातल्या तीन कपड्यांवर चालेल का, मशीनला टाकता येईल का, इस्त्रीविना घालता येईल का? हे तीन प्रश्न माझ्या खरेदीत असते तर माझं कपाट लागलं असतं. आकड्याचं मात्र मनावर घेऊ नये. महिनाभरात आपण कुठं कुठं जातो आणि पावसात कपडा वाळायला किती दिवस लागतात, एवढं पाहिलं की आपला आकडा आपोआप ठरतो. तो 33 असेल, नाहीतर 53.

तुमच्या मजल्यावर कॅप्सूलताई असेल तर लग्नसराईत ती पैठणी मागायला येईलच. खुशाल द्या, साडी कुणालाही होते. ब्लाऊज मात्र तिचा तिला शिवून घ्यायला सांगा, कारण एकीचा ब्लाऊज दुसरीला कधीच होत नाही.