आठ शिंपले पाहिजेत

जाहिरात अशी काढावी म्हणतो: 'वर्धा जिल्ह्यातील नद्यांसाठी आठ शिंपले तातडीने पाहिजेत. पाठीचा कणा नसावा. शिक्षणाची अट नाही. नेमणूक हंगामी, तीन महिन्यांची. पेन्शन मिळणार नाही.'

हसू नका. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, ही भरती कधीच झाली. तिथे नदीचं पाणी शहराला देण्याआधी आठ शिंपल्यांवरून नेतात. शिंपला श्वासासाठी आणि पोटासाठी कवच किलकिलं ठेवून पाणी गाळत बसतो. घाण आली की मिटतो. कवचाला चिकटवलेला सेन्सर ते टिपतो. बरेच शिंपले एकदम मिटले की धोक्याचा इशारा जातो. तीन महिने भरले की त्यांना पुन्हा मोकळ्या पाण्यात सोडतात. पाहणी समिती नाही, स्मरणपत्र नाही, 'अहवाल प्राप्त होताच उचित कार्यवाही' तर नाहीच.

मिटण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. फक्त इथे पाणी बिघडल्यावर काही मिटत नाही. तक्रार घेऊन माणूस आला की फाईल मिटते.

तर उमेदवार शोधायला वर्ध्याजवळच्या पवनारला गेलो. पलीकडे विनोबांचा आश्रम, अलीकडे धाम नदीचं पात्र. जाळं सोडवत बसलेल्या ढिवरकाकांना विचारलं, शिंपले मिळतील का? ते म्हणाले, "पहिले मुठीनं येत होते बाप्पा. आता पान्यात हात घातला तं गणपतीचा हात हाती येते." खरंच, काठाच्या गाळात प्लास्टरचा एक हात रुतला होता. मनगटापर्यंत. आशीर्वादाच्या मुद्रेत.

शिंपले नाहीत, पण बाकी अर्जदार भरपूर. पाणी बिघडलं की मेफ्लाय या किड्याची पिल्लं दगड सोडून प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात. ही झाली विनंती बदली. तळातला प्राणवायू संपला की गोगलगाय पृष्ठभागावर येऊन हवा घेते. हे वरिष्ठांकडे अपील. आणि ट्युबिफेक्स नावाचा लाल कृमी? तो गटाराच्या चिखलात डोकं खुपसून शेपूट वर काढतो, आणि पाण्यात प्राणवायू जितका कमी तितकी शेपूट जास्त हलवतो. भवताल जितका कुजका तितकी त्याची भरभराट. त्याला मुलाखतीची गरज नाही, थेट पदोन्नती द्यावी.

या सगळ्यांना प्राणिशास्त्र अपृष्ठवंशीय म्हणतं. मणका नाही, तरी पाणी नासलं की मिटून, वाहून, वर चढून ते तसं सांगतात. आपल्याला तेहेतीस मणके आहेत. आपण नाकाला रुमाल लावतो, पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावतो आणि नदीला नमस्कार करतो.

नमस्काराच्या जोडीला कायदाही आहे: जलप्रदूषणाचा, 1974 चा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत देशभरात नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे होते, त्यांतले 53 महाराष्ट्रात. कवडघाट ते हिंगणघाट हा आपल्या वणा नदीचा पट्टाही त्यात होता. 2022 च्या यादीत देशाचा आकडा 311 वर उतरला. महाराष्ट्राचा 55 झाला, देशात सर्वाधिक.