बिगुल

‘बीगल’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तो रात्रीच्या जेवणात, आणि सासूबाईंना तो ‘बिगुल’ असा ऐकू आला.

“बिगुल कशाला हवाय? हिला शाळेच्या बँडमध्ये घेतलंय का?”

आठवीतल्या लेकीनं खुलासा केला. बीगल ही कुत्र्याची जात. गुडघ्याएवढा उंच, लांब कानांचा, अंगावर काळा, पांढरा, तपकिरी असे तीन रंग, शेपटीचं टोक पांढरं. मुलांशी गोड वागतो. वर्गातल्या कुणाच्या तरी मावसभावाकडेही आहे. सासूबाईंनी ताकाची वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, “बिगुल असता तर निदान फुंकल्याशिवाय वाजला नसता.”

इतर गावांत असा प्रश्न निघाला की लोक मोबाईल काढतात. वाईत विश्वकोश काढतात. त्यातून आमचे सासरे, नाना, यांची तीस वर्षं विश्वकोशाची मुद्रितं तपासण्यात गेलेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली १९७६ साली पहिला खंड बाहेर पडला तेव्हा नाना तिथे होते, ही माहिती आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर मिळते. आता ऐंशी उलटली तरी नाना प्रश्नाचं उत्तर देत नाहीत, नोंद सांगतात. त्यांनी ‘कुत्रा’ काढला. कुत्र्यावरून शिकारीवर गेले, शिकारीवरून सशावर. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर खंडांची चळत होती आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

तिसऱ्या दिवशी निवेदन आलं. बीगल हा इंग्लंडात सशाच्या शिकारीसाठी टोळीनं पाळलेला कुत्रा. आपल्याकडचे मुधोळ आणि कारवान डोळ्यांनी शिकार धरतात, हा नाकानं धरतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५० लाखांच्या आसपास, याच्या नाकात २२ कोटींच्या. एकदा वासामागे लागला की त्याला हाक ऐकू येत नाही.

“एवढे लांब कान आणि हाक ऐकू येत नाही?” सासूबाई म्हणाल्या. “त्यासाठी कुत्रा कशाला? घरात दोन पुरुष आहेत.”

लेक मात्र वादविवाद स्पर्धेची तयारी करून आली होती. वाई म्हणजे पांडवांची विराटनगरी, असं आपणच पाहुण्यांना सांगतो. मागच्या डोंगराला पांडवगड म्हणतो. त्याच पांडवांतला थोरला, कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात पाऊल टाकायला तयार नव्हता.

“तो कुत्रा नव्हताच. शेवटी यमधर्म निघाला,” सासूबाई म्हणाल्या. “यमधर्म आणायचाय का घरात?”

मग लेकीनं साताऱ्याच्या थोरल्या शाहूमहाराजांचा खंड्या काढला. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं म्हणतात. महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. एकदा तर त्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असं ग्रँट डफ लिहून गेलाय. संगम माहुलीला खंड्याचं स्मारक आहे. आपल्या घाटावरून गेलेलं पाणीच पुढे माहुलीला वेण्णेला भेटतं.

“वाघ आला की बघू,” सासूबाई म्हणाल्या आणि ताट उचललं.

हा विरोध इतका कडवा का, ते मला रात्री अंथरुणात आठवलं. दहा वर्षांपूर्वी नणंद न्यू जर्सीला परत निघाली तेव्हा सासूबाईंनी तिच्या बॅगेत, चकलीच्या डब्याखाली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून कढीपत्ता घातला होता. परसातल्या झाडाचा. नेवार्कच्या विमानतळावर हिरवं जाकीट घातलेलं एक छोटं कुत्रं आलं आणि बॅगेशेजारी बसलं. भुंकलं नाही, पंजा मारला नाही, नुसतं बसलं. ते बीगल होतं. बाहेरून येणारी फळं, पाला आणि मांस पकडायला अमेरिकेनं १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळापासून या कुत्र्यांची पथकं उभी केली. बीगलच का, तर आकार लहान, चेहरा गरीब, त्यामुळे प्रवासी बिचकत नाहीत. आणि जात खादाड, त्यामुळे खाऊच्या एका तुकड्यासाठी दिवसभर राबते. कढीपत्ता तिथेच राहिला. “मेल्यानं चकलीकडे बघितलंसुद्धा नाही,” असं सासूबाई अजून सांगतात. त्यात कढीपत्त्याचं दुःख जास्त की चकलीच्या अपमानाचं, हे मला अजून कळलेलं नाही.

अशा परिस्थितीत फेब्रुवारीत धाकट्या दिरांचा कोथरूडहून फोन आला. नऊ दिवस केरळला चाललोय, डार्विनला ठेवून घ्याल का? डार्विन म्हणजे त्यांचा बीगल. दीर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं ज्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला त्याचं नावच ‘बीगल’, म्हणून हे बारसं. सासूबाईंनी नाही म्हणायच्या आत लेकीनं हो म्हणून टाकलं. घ्यायचा की नाही ते यावरून ठरवू, असं नानांनी जाहीर केलं, आणि एक कोरी वही काढून तिच्यावर ‘निरीक्षणे’ असं लिहिलं.

डार्विन आला, वाड्याचा उंबरा ओलांडला आणि कुणाकडेही न बघता नाक जमिनीला लावून थेट माजघरातल्या फडताळापुढे जाऊन थांबला. वरच्या फळीवर मागच्या संक्रांतीचे तिळाचे लाडू निघाले. ते तिथे आहेत हे सासूबाईसुद्धा विसरल्या होत्या. “हा डार्व्या भलताच आगाऊ आहे,” त्या म्हणाल्या. आल्यापासून पाचव्या मिनिटाला जहाज, पृथ्वीप्रदक्षिणा आणि उत्क्रांतिवाद सगळं मागे पडलं आणि डार्विनचा डार्व्या झाला तो झालाच.

पहिली पहाट. साडेचार वाजले होते. समोरच्या बेकरीत पहिली भट्टी उतरली असावी. डार्व्यानं आधी एक साधं ‘भौ’ केलं, मग मान वर केली, ओठांचा चंबू केला आणि सूर लावला. त्याला भुंकणं म्हणता येणार नाही. शिकारीत मागे राहिलेल्या माणसांना ‘माग लागलाय, इकडे या’ हे दोन शेतांपलीकडून कळावं म्हणून इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला तो आवाज आहे. मधल्या आळीत घराला घर लागून आहे. इथे दोन शेतांपलीकडे म्हणजे थेट नदीपार.

आणि आपल्याकडे पहाटे कुत्रं असं रडलं की त्याचा एकच अर्थ होतो.

सव्वासहाला शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. विरजण घेतलं, पण पाय निघेना. “नाना बरे आहेत ना?” साडेसातला आळीतले दोघे जण ‘सहज’ आले आणि नानांना चहा पिताना बघून थोडे संकोचले. नऊला रविवार पेठेतून फोन. तो नानांनीच उचलला. पलीकडच्यानं आवाज खाली आणून विचारलं, “कानावर आलं ते खरं का हो? कधी झालं?” नाना म्हणाले, “काय कधी झालं?” “नानांचं.” नाना म्हणाले, “मीच बोलतोय.” त्यानंतर पलीकडे इतकी शांतता पसरली की आता तिकडचं कुणी बघायला जावं लागतं की काय, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या दिवसापासून नाना सकाळी सातलाच दाढी करून, धुवट सदरा घालून बाहेर ओट्यावर पेपर उघडून बसू लागले. पेन्शनरांना हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात द्यावा लागतो. नानांनी तो त्या आठवड्यात रोज दिला.

चौथ्या दिवशी त्यांना कुठल्याशा इंग्रजी कोशात सापडलं, की ‘बीगल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘आ वासलेला गळा’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असं एक मत आहे. ते त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई पोळ्या लाटत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी मी काय म्हटलं होतं?”

आवाज सोडला तर कुत्रा लाख होता. लेकीच्या दप्तरावर डोकं ठेवून झोपे, लहान मुलांनी कान ओढले तरी हूं की चूं करत नसे. राखणीचं म्हणाल तर शून्य. मीटर बघायला आलेल्या माणसाला तो स्वतः परसापर्यंत घेऊन गेला. आळीतल्या गावठी कुत्र्यांनी पहिल्या दिवशी त्याला घेरलं, तर हा टोळीत वाढलेल्या जातीचा, शेपूट हलवत त्यांच्यातच सामील झाला. संध्याकाळी फिरायला नेलं की प्रत्येक दारापुढे थांबून, डोळे मिटून, आत काय शिजतंय ते हुंगे. लोकांना याचं हसू येई. मला नाही आलं. आमच्या आळीत कुणाकडे आज वांगं आहे आणि कुणाकडे पाहुण्यांसाठी बासुंदी, हे जेवणवेळेच्या आधी सगळ्यांना माहीत असतंच. फक्त आपण विरजण मागायला जातो, हा उघड जातो.

वासूबाईचं हे काम करताना त्याच्या एका कानाला खाज सुटली. लोंबत्या कानांत हवा खेळत नाही, ओल राहते, म्हणून ते दर आठवड्याला पुसावे लागतात, हे दीर सांगायला विसरले होते. गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर एका म्हशीत गुंतले होते. त्यांनी हात धुतले, कान बघितला, पोट दाबलं आणि म्हणाले, “कान कोरडा ठेवा आणि तोंड बंद ठेवा. खायला काय घालता? कांदा, लसूण अजिबात नको. कुत्र्याच्या रक्ताला बाधतं. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट तेही नको.”

हे मी घरी येऊन सांगितलं आणि सासूबाईंचा चेहरा बदलला. “कांदा-लसूण चालत नाही? बारा महिने?”

“बारा महिने.”

त्या चार महिने पाळतात. घरातला कुणीही पुरुष आषाढी ते कार्तिकी सोडाच, चार दिवससुद्धा पाळत नाही. त्या दिवसापासून डार्व्याचं वेगळं, बिनफोडणीचं वरण होऊ लागलं. शिऱ्यात बेदाणे पडेनासे झाले आणि त्याचं कारण विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही.

आठव्या दिवशी आमच्या आळीचा कृष्णाबाईचा उत्सव होता. बाहेरच्यांसाठी सांगते, अफझलखानाचं संकट टळावं म्हणून शिवकाळात नदीला नवस बोलला गेला, तो वाई अजून फेडते. थंडीच्या शेवटी घाटाघाटानं, पाळीपाळीनं. मांडव, कीर्तन आणि महाप्रसाद. नवऱ्यानं डार्व्याला ‘जरा लांबून दाखवून आणतो’ म्हणून नेलं. मांडवाच्या मागे मोठ्या पातेल्यात मसालेभात आणि कढईत शिरा. २२ कोटी पेशींपुढे एका पट्ट्याचं काय चालणार! हाका मारत नवरा मागे आणि डार्व्या पुढे, असे दोघे गणपतीच्या घाटापर्यंत जाऊन वळसा घालून परत आले. मी डोळे मिटून घेतले. पंगत बसलेली, पत्रावळी वाढून झालेल्या, आणि हे चार पायांचं संकट सुटलेलं.

डोळे उघडले तर डार्व्या पंगतीच्या शेवटी, ओळ न मोडता, पुढचे पाय जुळवून बसला होता. नेवार्कच्या त्या कुत्र्यासारखाच. वाढप्यानं एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे बघितलं आणि त्याच्यापुढे पत्रावळ टाकली. सासूबाई बायकांच्या पंगतीतून मोठ्यानं ओरडल्या, “मसालेभात नको, त्यात कांदा असेल! शिरा वाढा, बेदाणे काढून!” नंतर आठवडाभर त्या जो भेटेल त्याला सांगत होत्या, की मुंबईहून आलेली माणसं मध्येच उठली, पण आमचा डार्व्या पंगत उठेपर्यंत बसला.

दहाव्या दिवशी दीर न्यायला आले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर डार्व्याला ठेवलं. येताना १२ किलो होता, तेच डॉक्टरांच्या मते किलोभर जास्त होतं. आता १३ भरला. चौकशी बसली. नाना चहाबरोबर दोन बिस्किटं देत होते, मी पहिली पोळी, नवरा ऑफिसातून येताना फुटाणे, लेक डब्यातलं उरलेलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतोय. सासूबाईंनी आपण काय देत होतो ते सांगितलं नाही.

गाडी गेल्यावर नानांनी ‘निरीक्षणे’ वाचून दाखवली. हा कुत्रा बारा-पंधरा वर्षं जगतो. म्हणजे लेक शिकून पुण्याला नोकरीला लागेल आणि तो इथे आमच्या पायाशी म्हातारा होईल. रोज तासभर चालवावा लागतो. घर रिकामं दिसलं की गळा काढतो, आणि आमचं घर अकरा ते पाच निम्मं रिकामं असतं. वासाच्या मागे सुटला की रस्ता बघत नाही. शेवटची नोंद नानांनी लाल शाईत केली होती: ‘प्रस्तुत कालावधीत चौकशीस आलेले आप्तेष्ट व परिचित – एकूण १९.’

मतदान हात वर करून झालं. नाना विरुद्ध. नवरा विरुद्ध, कारण घाटापर्यंतची धाव. मी विरुद्ध. लेक खाली बघत म्हणाली, पहाटे पाचला उठून फिरवणं तिला जमणार नाही, परीक्षा आहे. चार विरुद्ध एक अशा मतांनी बीगल नामंजूर झाला. बाजूचं एकमेव मत सासूबाईंचं होतं.