नकाराची सोय

मनुष्यजातीने होकारासाठी वाजंत्री ठेवली, अक्षता ठेवल्या, स्टँपपेपर आणि साक्षीदार ठेवले. नकाराची मात्र कोठेच काही व्यवस्था केली नाही, आणि त्यामुळे ज्याला 'नको' म्हणावयाचे असते त्या गरिबाला एक तर खोटे आजारपण काढावे लागते, नाही तर उरलेले आयुष्य शिष्ट म्हणवून घेत कंठावे लागते, असा माझा पुष्कळ दिवसांचा समज होता. तो दृढ होण्यास गोव्यातील डिचोलीकडचे आमचे मुळगाव हे गाव कारण झाले. श्रीकेळबाईच्या कृपेने आमच्या गावात कशाची वाण नाही; परंतु पंगतीत 'नको' हा शब्द मात्र कोणालाही ऐकू येत नाही. पानावर तळहात आडवा धरलेल्या सद्गृहस्थाच्या बोटांच्या फटींतून कढत मणगणे सोडणारा वाढपी आमच्याकडे क्रूर नव्हे, प्रेमळ समजला जातो. पहिला 'नको' लाजेचा, दुसरा रीतीचा आणि तिसरा खरा, असा अलिखित कायदा असून, तिसऱ्यानंतरही वाढप्याचा अपिलाचा हक्क अबाधित राहतो.

अशा मुलखातला मी मनुष्य तांगो नावाच्या अर्जेंटिनी नृत्याच्या सभेत जाऊन बसलो, याला कारण माझा भाचा. नोकरीनिमित्त बेंगळुरूस राहून त्याने पगाराव्यतिरिक्त एवढी एकच विद्या संपादन केली होती, आणि पेडण्याच्या किनारपट्टीत, मांद्र्याकडे, हिवाळ्यात जमणाऱ्या परदेशी मंडळींच्या एका मेळाव्यास तो आम्हां उभयतांना घेऊन गेला. "मामा, तुम्ही नुसते बसा," असे आश्वासन त्याने दिले होते. मामी मात्र न सांगता राखणीसाठी आली होती.

तांगोविषयीचे माझे ज्ञान सिनेमातले, म्हणजे नायिकेला कमरेत वाकवून दातांत गुलाब धरण्यापुरते होते. वास्तविक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्यूनस आयर्स आणि मोंतेविदेओ या बंदरांच्या गरीब वस्त्यांत हा नाच जन्मास आला. तेथून पॅरिसला जाऊन तो इतका बोकाळला की १९१३ साली जर्मनीच्या कैसरने आपल्या लष्करी अंमलदारांना गणवेशात तो नाचण्याची मनाई केली. आणि २००९ साली युनेस्कोने त्याच नाचाला मानवजातीच्या अमूर्त वारशात दाखल करून घेतले. बापाने ज्याबद्दल मार दिला त्याबद्दल नातवाने शाल-श्रीफळ द्यावे, हा न्याय सर्व खंडांत सारखाच दिसतो.

प्रत्यक्षात पाहतो तो मामलेदार कचेरीलाही लाजवील अशी शिस्त! एखाद्या स्त्रीबरोबर नाचण्याची इच्छा असलेल्या पुरुषाने तिच्या टेबलाशी जाऊन हात पुढे करणे हे तेथे अत्यंत असभ्य, कारण चार लोकांदेखत तिला पेचात पकडल्यासारखे होते. त्याने आपल्या खुर्चीवर बसूनच, दालनाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, नजरेने अर्ज करावयाचा. तिची नजर भिडली आणि मान किंचित हलली, तर अर्ज मंजूर; ती खिडकीबाहेर पाहू लागली, तर प्रकरण निकालात. तिनेही अशाच नजरेने पुढाकार घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. या पद्धतीस काबेसेओ म्हणतात. तिची थोरवी अशी की, नामंजुरीचा हुकूम कोणी लिहीत नाही, कोणी वाचत नाही, आणि अर्जदार खुर्चीतून उठलेलाच नसल्यामुळे त्याला परत जाऊन बसण्याचीही नामुष्की येत नाही.

माझी अडचण निराळीच झाली. परस्त्रीसमोर दृष्टी जमिनीकडे ठेवावी, या संस्कारात मी वाढलेलो. येथे दृष्टी वर करावी तर अर्ज गुदरल्यासारखा होतो, आणि खाली ठेवावी तर दुसऱ्या कोणाचा आलेला अर्ज अवमानिल्यासारखा होतो. अखेर मी छताच्या पंख्यावर दृष्टी स्थिर केली. "बरोबर, मामा," भाचा म्हणाला, "पंखा कधी होकार देत नाही." मामीला मात्र सारे प्रथमदर्शनीच उमगले. "नजरेने विचारायचे आणि नजरेनेच नाही म्हणायचे, यात शिकवायचे काय?" ती म्हणाली. "पाहुण्यांदेखत मी आजवर तुम्हांला दुसरे काय करीत आले?" आमच्या संसारातील किती अर्ज असे परस्पर निकालात निघाले असावेत, याचा हिशेब मी तेव्हा लावू लागलो, तो अद्याप पुरा झालेला नाही.

मंजुरीलाही मुदत असते. तीन किंवा चार गीतांच्या मालिकेला तांदा म्हणतात. ती संपली की भलत्याच चालीचे संगीत क्षणभर वाजते, सर्वजण रंगण रिकामे करतात, आणि पुरुष जोडीदारणीला तिच्या जागेपर्यंत पोचवितो. मध्येच कोणी 'ग्रासियास' म्हटले, तर ते आभार नव्हेत, ती रजा! मान एका क्षणात हलते, पण नाचातली मिठी दहा-बारा मिनिटे चालते. म्हणून मानेच्या होकारात मिठीचा सर्व मजकूर समाविष्ट धरावयाचा नाही, आणि अंतर किती राखावे याबाबत ज्याला जास्त हवे असेल त्याचेच चालावे, असा संकेत आहे. नाचता नाचता जोडीदारणीला शिकवू लागणे निषिद्ध. यावरून गुरुजनांचा उपद्रव सातासमुद्रापलीकडेही सारखाच असल्याचे कळते.

सर्व जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने, एकामागून एक फिरतात. पुढच्यास ओलांडून जाणे, गर्दीत मागे पाऊल टाकणे, उंच टाचांचा पाय हवेत उडविणे, यांना बंदी असते. २०२५ च्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या शिरगावात श्रीलईराईच्या जत्रेत उतारावर चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले. त्यानंतर, गर्दीने एका दिशेने आणि अंतर राखून चालावे, हा नियम मला केवळ नाचाच्या शिष्टाचारापैकी वाटेनासा झाला आहे.

घरी परतताना मला आमच्या मुलखाचा अभिमान जागृत करणे भाग होते. नृत्यातील मर्यादा आम्हांला का ठाऊक नव्हती? साष्टीच्या मांडो नृत्यात स्त्रीपुरुष समोरासमोर येतात, पंखे हलवितात, डोळ्यांनी सर्व काही बोलतात, परंतु एकमेकांस शिवत नाहीत. पणजी-मडगावच्या क्लबांत मुलीबरोबर नाचावयाचे तर भिंतीकडेला बसलेल्या तिच्या आईची अनुज्ञा घ्यावी लागे. आमची डिचोली आणि पेडणे पडली नव्या काबिजादीत. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे उशिरा, पोर्तुगिजांच्या अमलाखाली आली, त्यामुळे वॉल्ट्झ आमच्या वेशीपर्यंत पोचला नाही. आमच्याकडे पौषातल्या रात्री सारवलेल्या मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर धालो खेळतात, आणि त्या मांडावर पुरुषाने खेळावयाचे नाही, म्हणजे तंटाच मिटला!

ही तिन्ही उदाहरणे मी मामीपुढे मोठ्या डौलाने मांडली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अंतराने राखले, आईने राखले, मांडाने राखले. तिला स्वतःला कोणी विचारले?" या प्रश्नावर मजपाशी उत्तर नव्हते, कारण खरोखरच आमच्या सर्व मर्यादांचा रोख, स्त्रीवर 'नको' म्हणण्याची वेळच येऊ नये, याकडे असतो, आणि ज्या शब्दाची कधी वेळच आली नाही तो ऐकण्याची सवय पुरुषांना लागावी तरी कशी? तांगोवाल्यांनाही सगळे साधले आहे असे नाही. कोणी सबंध रात्र भिंतीशी बसून राहतात, आणि ज्याला नियम मोडावयाचाच आहे त्याला मान हलण्या-न हलण्याने काय फरक पडतो? परंतु नकार त्यांनी जिचा तिच्या हाती दिला, एवढे खरे.

नकाराची म्हणावी अशी एकच सोय आमच्या पूर्वजांनी करून ठेविली आहे, ती म्हणजे जन्मपत्रिका. मुलगा काळा असो, मुलगी शिकलेली असो, की सासू प्रसिद्ध असो, दोष सारा मंगळाकडे जातो, आणि दोन्ही घरे पुढच्या जत्रेत एकमेकांस हसून भेटू शकतात. माझ्या बहिणीने भाच्यासाठी एक स्थळ पाहिले होते. पत्रिका उत्तम जुळली. तथापि मुलीने मंगळाला तसदी न देता, भाच्याच्या डोळ्यांकडे सरळ पाहून, "मला हे लग्न करायचे नाही," असे सांगितले. बहिणीने त्या घरावर बहिष्कार घातला असून तो अद्याप चालू आहे. भाच्याची तक्रार निराळी: इतके स्वच्छ 'नाही' म्हणणारी मुलगी तांगो फार सुंदर नाचली असती, आणि ते तिला सांगण्याची सोय आता राहिली नाही.