चंदेरी कार्डाचं पाणी

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत पाण्याचा दर्जा कार्डावर दिसतो. पावसाळ्याआधी आणि नंतर सर्वेक्षण होतं. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग ५ वर्षं हिरवं टिकलं तर चंदेरी! पाण्यात टाकायच्या टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरीचं) पोतं मात्र मे महिन्याच्या उन्हात तोंड उघडं टाकून पडलं असेल, तर त्यातला क्लोरीन कार्ड बघायला थांबत नाही. मग ओटी टेस्टच्या, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या दिवशी, दोन मुठी जास्त. (पाण्यालाही परीक्षेच्या आदल्या रात्रीच अभ्यास करायची सवय.) धुळे शहराची तऱ्हा निराळी: तापीचं पाणी बाभळ्याला शुद्ध होतं, आणि दोन पाणीवाटपांमधल्या कोरड्या दिवसांत फुटकी पाइपलाइन गटाराशी ओळख वाढवते. नळाच्या पाण्याचा निकष लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेल्या क्लोरीनचा. पिंपात आठवडाभर साठवलेल्या पाण्याचं खातं मात्र आजीच्या तुरटीकडे.